सुप्याचे रोखे आणि सिबिलची फी

गेल्या पावसाळ्यात मामेभावाचा फोन आला. तो बारामती तालुक्यात असतो. एरवी त्याचा फोन म्हणजे "दादा, डाळिंबं पाठवतोय, घरी आहेस ना?" एवढाच. या वेळी मात्र आवाज जरा दबका होता. घराच्या कर्जासाठी अर्ज केला होता, बँकेने नाही म्हटलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं सिबिल खराब आहे." आणि बँकेच्या दारातच कुणीतरी एक कार्ड हातात ठेवलं, की अमुक गृहस्थ सिबिल साफ करून देतात, फी अठरा हजार, आधी तीन हजार. तीन हजार त्याने देऊनही टाकले होते. आता उरलेले पंधरा द्यावेत का, हा प्रश्न.

मागून मामीचा आवाज ऐकू आला, "त्याला सांग, आपल्या घरात आजवर कुणी कुणाचं बुडवलेलं नाही."

मी "थांब, लगेच काही देऊ नकोस, रविवारी येतो" एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते मामीचं वाक्य डोक्यातून जाईना. कर्ज मिळालं नाही याच्यापेक्षा कुठल्या तरी वहीत आपल्याबद्दल वाईट लिहिलंय, आणि ती वही आपण पाहिलेलीसुद्धा नाही, याची लाज तिला जास्त वाटत होती. आता त्या भागात जाताना मोरगावच्या जवळ सुपे लागतं. (पारनेरजवळचं सुपा वेगळं. हे पुणे-सुपे या जहागिरीतलं सुपे.) रविवारी त्या गावातून गाडी गेली तेव्हा एकदम वाटलं, अरे, मामी जे बोलली त्याचीच तर दंगल इथे झाली होती!

म्हणून आज जरा इतिहास. अठरा हजारांच्या प्रश्नाकडे शेवटी येतोच.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजारचा दिवस. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चाल केली. मागणी एकच, आमचे रोखे आणि वह्या बाहेर काढा. त्या मिळाल्या तशा पेटवल्या. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरंही पेटली. पुढच्या दोनेक महिन्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. पोलिसांनी ९५१ लोकांना पकडलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

शाळेत हे आपण दोन ओळींत शिकलो. त्यातली एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. चौकशीसाठी जे कमिशन नेमलं गेलं त्याला असं दिसलं, की जिथे सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले तिथे बहुतेक वेळा पुढे काही झालं नाही. जमाव कागद जाळून घरी गेला. म्हणजे लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता. का, ते बघायला हवं.

त्याची एक बाजू थेट अमेरिकेत जाते. तिथे १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा, तो बंद पडला. मँचेस्टरची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा देऊ लागले, सावकार शेतकऱ्यांना. कापसाखालच्या एकरामागे १०० रुपये आगाऊ मिळत. पत अशी सोपी झाली, की न मागता पैसा दारात. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार बसला. सावकारांनी हात आखडले, जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्यातच सरकारने जमिनीचा सारा नव्याने ठरवला, तो काही ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. सारा भरायचा तर कर्ज हवं, आणि कर्ज द्यायला आता कुणी तयार नाही.

दुसरी बाजू कागदाची. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. रोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला होता, की व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज हे नव्या रोख्याचं मुद्दल झालं. पैसे भरले तरी पावती नाही. रोख्यात आकडा कोणता घातला ते कुळाला वाचता येत नाही, त्याने फक्त अंगठा करायचा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये ही दामदुप्पटीची जुनी रीत आपल्याकडे होती. कमिशनपुढे एक प्रकरण आलं त्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलेलं होतं.

म्हणजे बघा, कर्ज घेतलं होतं हे शेतकरी नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की या वहीत आमच्याविषयी काय लिहिलंय ते आम्हाला दिसत नाही, आम्ही भरलेलं त्यात उतरत नाही, आणि कोर्टात मात्र आमच्या तोंडापेक्षा या कागदाला किंमत आहे. तो खोटा आहे हे सिद्ध करायची सोय नाही, मग जाळा.

१८७९ मध्ये सरकारने 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' आणला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. हा कायदा मी मुद्दाम काढून वाचला, कारण त्यातली काही कलमं आजच्या प्रश्नाला अगदी लागू पडतात. कोर्टाने नुसत्या रोख्यावर विसंबू नये, त्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा हिशेब तपासावा. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. वर्षाला एकदा खात्याचा उतारा मागण्याचा त्याला हक्क आहे. त्याने मागितलं तर हिशेब लिहिलेलं पासबुक द्यायला हवं. कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद. आणि आणखी एक मजेदार कलम: तडजोड करून देणाऱ्या पंचासमोर आणि गावमुन्सफासमोर वकिलांना यायला मनाई. छोट्या रकमेचा वाद सोडवायला मधल्या माणसाची फी पडू नये, हे त्या कायदा करणाऱ्यांनाही सुचलं होतं.

या कायद्याने सगळं आलबेल झालं असं अजिबात नाही. सावकारांनी पळवाटा काढल्या. कर्जाच्या रोख्याऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखत करून घ्यायचं, फेडलीस तर परत देईन असं तोंडी सांगायचं. आणि उताऱ्याचा हक्क कायद्यात लिहिला तरी अंगठा करणाऱ्या माणसाने तो वाचायचा कसा? त्यासाठी पुन्हा गावातला कुणी लिहिता-वाचता माणूस गाठायचा. हक्क मिळाला, पण तो हाताला येईपर्यंत मध्ये कुणीतरी उभाच. हा मधला माणूस लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

आता पुन्हा अमेरिका. कारण 'सिबिल साफ करून देतो' हा धंदा मूळचा तिथला.

१८३७ मध्ये तिथे मोठी मंदी आली. न्यू यॉर्कमध्ये लुईस टॅपन नावाचा रेशमाचा व्यापारी होता, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला नावाजलेला माणूस. उधारी बुडाल्याने तो आणि त्याचा भाऊ पोळले. त्यातून त्याने १८४१ मध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील वगैरे मंडळी वार्ताहर नेमायची, त्यांनी आपल्या गावातल्या दुकानदारांविषयी लिहून पाठवायचं, की हा कसा आहे, दारू पितो का, बायकोच्या माहेरी पैसा आहे का, उधारी फेडतो का. हे सगळं जाडजूड वह्यांत उतरवायचं आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना सांगायचं. पुढे अध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन हेही वकिली करत असताना या एजन्सीचे असेच एक वार्ताहर होते. या एजन्सीचीच पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली.

पुढे १८९९ मध्ये अटलांटात साध्या गिऱ्हाइकांची अशीच माहिती ठेवणारी कंपनी निघाली, तिचं आजचं नाव इक्विफॅक्स. ज्याच्याविषयी लिहिलं त्याने ते पाहायची सोय मात्र कित्येक दशकं नव्हती. सुप्याच्या बाजारातल्या माणसाची आणि अटलांटातल्या माणसाची तक्रार एकच होती. अमेरिकेत त्यावर कायदा झाला तो १९७० मध्ये. आपल्याबद्दल काय नोंदलंय ते जाणून घेण्याचा आणि चुकीचं असेल तर हरकत घेण्याचा हक्क माणसाला मिळाला. खरी पण वाईट नोंद साधारण सात वर्षांनी, दिवाळखोरी असेल तर त्याहून उशिरा, काढून टाकायची असंही ठरलं.

आणि हक्क मिळाल्याबरोबर मधला माणूस आलाच. हरकत घेण्याचा हक्क आहे ना, मग आम्ही तुमच्या वतीने हरकत घेतो, फी द्या! काहींनी अशी युक्ती काढली, की खऱ्या-खोट्या सगळ्याच नोंदींवर पत्रांचा पाऊस पाडायचा. ठरलेल्या मुदतीत कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिला नाही तर नोंद निघते, त्यामुळे थोडे दिवस अहवाल स्वच्छ दिसायचा. पुढे दुजोरा आला की डाग पुन्हा हजर, आणि फी गेलेली. लोक इतके फसले की १९९६ मध्ये अमेरिकेने खास या धंद्यासाठी कायदा केला. काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत. तीन दिवसांत करार मोडायची मुभा. आणि करार करण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात एक छापील कागद द्यायचा, ज्यात स्पष्ट म्हटलेलं असतं की हे काम तुम्ही स्वतः करू शकता, आणि खरी नोंद काढून टाकण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि या कंपनीलाही नाही. आपल्या मालाची गरज नाही असं दुकानदारानेच लिहून द्यायचं, असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही. तरीही धंदा चालू राहिला. २०२३ मध्ये तिथल्या दोन मोठ्या कंपन्यांवर, आधी फी उकळल्याबद्दल, २७० कोटी डॉलरचा निवाडा झाला. एवढा आकडा होण्याइतकी माणसं हा कागद हातात असूनही पैसे देत होती.

आपल्याकडे सिबिल २००० साली स्थापन झालं. पत-माहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, तो अमलात आला २००६ च्या डिसेंबरात. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण मात्र चौघींनाही सिबिलच म्हणतो, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा. तीनशे ते नऊशेमधला एक आकडा, आणि त्याच्यामागे प्रत्येक कर्जाचा, प्रत्येक कार्डाचा महिन्यामहिन्याचा हिशेब.

आता या वहीबद्दल आपल्या हातात काय आहे ते सांगतो, कारण अठरा हजारांचं उत्तर यातच आहे.

एक, चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा हुकूम आहे आणि तो २०१७ पासून लागू आहे. दोन, चूक दिसली तर तक्रार करायला पैसे लागत नाहीत. कंपनी ती तक्रार बँकेकडे पाठवते. बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेने मान्य केल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. तीन, हे सगळं तीस दिवसांत व्हायला हवं. २०२४ च्या एप्रिलअखेरपासून, तीस दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. बँकेने एकवीस दिवसांत आपलं काम केलं नाही तर बँकेने द्यायची, बँकेने केलं आणि पत-कंपनी अडली तर तिने द्यायची. चार, तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पत-कंपन्याही २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. तिथेही फी नाही. पाच, बँकांनी निदान पंधरवड्याला ताजी माहिती पाठवायची, हे २०२५ पासून.

वर्षाला एकदा उतारा, भरल्याची नोंद, चुकीची दुरुस्ती. १८७९ च्या कलमांची आठवण येते की नाही? सुप्याच्या लोकांनी पेटवलेल्या कागदांची ही दीडशे वर्षांनंतरची आवृत्ती म्हटली तरी चालेल. (कायद्याच्या पंडितांनी रागावू नये, हे माझं आपलं जोडकाम आहे.)

तर आमचा रविवार. मामेभावाच्या ओट्यावर बसून त्याच्याच मोबाइलवर अहवाल काढला. पॅन, जन्मतारीख, मोबाइलवर आलेला आकडा, दहा मिनिटांचं काम. मामी चहा ठेवून शेजारी बसली. ती वही तिला एकदा डोळ्यांनी पाहायची होती.

दोन डाग निघाले. पहिला दुचाकीच्या कर्जाचा. ते फिटून चार वर्षं झाली, फायनान्स कंपनीचा ना हरकत दाखला मामीच्या ट्रंकेत जपून ठेवलेला. अहवालात मात्र कर्ज चालू आणि हप्ते थकलेले. मामीने तो दाखला आणून असा काही समोर ठेवला की जणू मीच तो फायनान्सवाला. तिथल्या तिथे ऑनलाइन तक्रार टाकली आणि दाखल्याची प्रत जोडून फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक ई-मेल केला. मराठीतच लिहिला. तेविसाव्या दिवशी नोंद 'बंद' अशी झाली. खर्च शून्य.

दुसरा डाग बघून भाऊ गप्प झाला. २०२० च्या टाळेबंदीत त्याचं क्रेडिट कार्ड थकलं होतं, एकसष्ट हजार. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, शेवटी बँकेने पस्तीस हजारांवर तडजोड केली. त्याला वाटलं प्रकरण मिटलं. अहवालात त्याच्यापुढे 'सेटल्ड' असं लिहिलेलं. म्हणजे पूर्ण फेड झालेली नाही, सव्वीस हजार बँकेने सोडून दिले. हे त्याने घरात सांगितलं नव्हतं. मामीने विचारलं, "हे काय?" आणि त्याने खाली बघत सांगितलं. ती काही बोलली नाही, कप उचलून आत गेली. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. असो.

तर या दुसऱ्या डागाचं अठरा हजारवाले गृहस्थ काय करणार होते? मी त्यांना फोन करून विचारलंच. "आतून ओळख आहे, काढून टाकू" असं उत्तर आलं. कसं, हे सांगेनात. त्याऐवजी भावाचं पॅन, आधार आणि 'मोबाइलवर येणारा ओटीपी' मागत होते. नोंद खरी आहे, बँक दुजोरा देणार, मग ती निघणार कशी? ती निघत नाही, एवढंच उत्तर आहे. खऱ्या नोंदीवर इलाज दोनच. एक म्हणजे बँकेशी लेखी बोलून उरलेली रक्कम भरायची आणि नोंद 'सेटल्ड'ची 'बंद' करून घ्यायची. दुसरा इलाज काळाचा, पुढचे सगळे हप्ते वेळेवर भरत राहायचं, आकडा हळूहळू चढतो. यातला पहिला इलाज सव्वीस हजारांचा आणि त्या गृहस्थांची फी अठरा हजार. म्हणजे जी रक्कम बँकेला देऊन डाग पुसट होऊ शकतो, तिच्यातली दोनतृतीयांश भाऊ भलतीकडेच देऊन बसणार होता, आणि डाग तसाच.

म्हणजे हिशेब सोपा आहे. नोंद खोटी असेल तर दुरुस्ती फुकट आहे. नोंद खरी असेल तर कुणालाही पैसे देऊन ती पुसली जात नाही. मग फी नक्की कशाची? परक्याने आपल्या पॅनवर कर्ज उचललंय, पोलिसांत तक्रार आहे, प्रकरण कोर्टात गेलंय, अशा वेळी वकिलाला पैसे द्यावेत, ते खऱ्या कामाचे पैसे आहेत. ज्याला लिहिणं-वाचणं जमत नाही त्याने शेजारच्या सायबर कॅफेवाल्याला फॉर्म भरण्याचे शे-दोनशे द्यावेत, त्यातही गैर काही नाही. पण 'साफ करून देतो' म्हणणाऱ्याला, तेही आधी, एक रुपयाही देऊ नये, असं माझं मत झालं आहे.

आणि तरी मला माझ्या भावाला मूर्ख म्हणवत नाही. घरी परतताना हाच विचार करत होतो. तो शिकलेला आहे, मोबाइलवर बाजारभाव बघून डाळिंबं विकतो. अहवाल फुकट मिळतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या बँकेने नाही म्हटलं तिने त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं, कुठली नोंद, कुणाची, कुठे दाद मागायची, काही नाही. कार्डाच्या बँकेचा फोन म्हणजे 'एक दाबा, दोन दाबा'. आणि पोटात ते टाळेबंदीचं गुपित. अशा माणसासमोर जो कुणी समोरासमोर बसून, मराठीत, "साहेब, काळजी करू नका" म्हणतो, त्याच्या हातात पैसे जातात. अठरा हजारांतला मोठा हिस्सा त्या एका वाक्याचा होता असं मला वाटतं.

सुप्याच्या कुळाला उताऱ्याचा हक्क मिळाला तरी वाचून दाखवायला कुणीतरी लागत होतं. आपल्याला वाचता येतं, पण आपण वही उघडत नाही. थोडी भीती, थोडी लाज. हक्क कायद्यात आणि आपण घरात, यांच्यामध्ये जेवढं अंतर, तेवढी त्या मधल्या माणसाची फी. ते अंतर बँकांनी कमी करायला हवं हे खरंच, पण त्यांची वाट बघत बसायचं कारण नाही. घरातल्या एकाने एका रविवारी ओट्यावर बसलं तरी ते पुष्कळ कमी होतं.

मामेभावाचं घर अजून झालेलं नाही. कार्डाच्या बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे, सव्वीस हजारांतले दहा त्याने बाजूला काढलेत. आधी दिलेले तीन हजार परत मिळाले नाहीत, मिळतील असंही वाटत नाही. मामी मात्र आता शांत आहे. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "बुडवलेलं आहे ना, मग भरून टाकू. न बघता तोंड लपवण्यापेक्षा हे बरं."

नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतायत त्यांच्यासाठी एक सूचना. चार कंपन्या आहेत, प्रत्येकीचा एक अहवाल फुकट, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी एकेक काढला तर वर्षभर लक्ष राहतं. कुणाला जमत नसेल तर मला हाक मारा. फी म्हणून डाळिंबं चालतील.